गडग्यापलीकडची सुरंगी

"ह्यो वळेसार आसा की वाटाण्याची माळ?"

शिरोड्याच्या शालनने हातातला सुरंगीचा गजरा, वळेसर, नाकापर्यंत नेला आणि तोंड वाकडं करून खाली घेतला. "अर्धी कळी कच्ची गो, द्वारके. सांज झाली तरी उमलाची नाय. गिऱ्हायकाक काय सांगू, वास उद्या येतलो म्हणान?"

सुरंगीच्या दिवसांत शालन रोज सकाळच्या गाडीने यायची, घराघरांतून वळेसर गोळा करायची आणि शिरोड्याच्या तिठ्यावर बसून विकायची. फुलांच्या बाबतीत तिच्या तोंडाला लागण्यात अर्थ नव्हता. शिवाय ती खरंच बोलत होती. सुरंगीची कळी खुडायची ती त्याच सकाळी उमलणारी, उमलायच्या जरा आधी. ती पांढुरकी, टपोरी दिसते, माळेत ओवली की आरामात उमलत राहते आणि बाई देवळात शिरायच्या आधी तिचा वास देवळात शिरतो. हिरवी, घट्ट कळी मात्र झाडावरच राहू द्यायची असते. ती खुडली की मेली. ना उमलत, ना वास देत. हे वाडीतल्या शेंबड्या पोराला कळतं, आणि द्वारकेचा नवरा सगुण तर नाव घेण्यासारखा खुडणारा. त्याच्या टोपलीत कच्ची कळी सापडणं म्हणजे भटाच्या पळीत माशाचा खवला सापडण्यासारखं होतं.

"आता ह्यो बघ." शालनने पिशवीतून केळीच्या पानात गुंडाळलेला दुसरा वळेसर काढला. "वच्छलेकडचो. एक कच्ची कळी काढून दाखव ह्यातली. खुडणारो तोच मां? तुझोच घोव?"

शालन हसत हसत बोलली आणि गाडी गाठायला निघूनही गेली. द्वारका पडवीत बसून राहिली. तिच्या मनात इतके दिवस जे धुमसत होतं, त्याला शालनने आयता पुरावा आणून दिला होता.

वच्छला म्हणजे सगुणच्या थोरल्या चुलत भावाची बायको. भाऊ वारला, मुलगी लग्न होऊन कारवारला गेली, आणि घरात ती एकटीच उरली. दोन्ही घरांच्या मधे छातीएवढा चिऱ्यांचा गडगा, आणि गडग्याला लागून वच्छलेच्या बाजूला वाडीतली सगळ्यात जुनी सुरंगी. बाईमाणसाने चढावं असं ते झाड नव्हतं. म्हणून सगुण ते अर्धेलीने खुडायचा, निम्मी कळी त्याची, निम्मी तिची. यात वावगं काही नाही, झाडवाल्याला चढता येत नसेल तर सगळीकडे असंच चालतं. आणि गंमत म्हणजे हे ठरवलं होतं द्वारकेनेच. "बिचारी एकटी आसा वयनी, तुमी चढा वायच," असं ती स्वतः नवऱ्याला म्हणाली होती. आता ते आठवलं की तिला स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटे.

कारण द्वारका जळत होती. उगाच आडपडदा कशाला ठेवायचा? भाकरी थापताना जळत होती, म्हैस पिळताना जळत होती, देवळात सातेरीपुढे हात जोडले तरी डोळे मिटून तिला वच्छलाच दिसत होती. या वयात हे असलं काहीतरी आपल्या वाट्याला यावं याची तिला लाजही वाटायची, आणि लाज वाटली की ती आणखी जळायची.

सगुणचा दिवस असा असे. तांबडं फुटायच्या आधीच तो घरामागच्या त्यांच्या स्वतःच्या दोन झाडांवर चढे. द्वारका खाली जुनी लुगडी अंथरून गोठ्यात निघून जाई. अंधुक उजेडात तो एकटाच मुक्याने खुडी, उतरे, कोरा चहा घेई आणि लख्ख उजाडल्यावर गडग्यापलीकडे जाई. म्हणजे आमचं झाड अंधारात आणि तिचं उजेडात. आमच्या झाडाची कच्ची कळी आणि तिच्या झाडाची पिकली. माणसाचं मन कुठे आहे ते त्याच्या टोपलीत दिसतं, आणखी वेगळा पुरावा कशाला हवा?

पण होता. आपल्या झाडावर दगडासारखा गप्प असणारा हा माणूस तिकडे गेला की गडग्यापलीकडून बोलणं ऐकू यायचं. वच्छला झाडाखाली उभी राहून बोलायची, तो वरून हूं हूं करायचा. शब्द नीट कळत नसत. मधूनच "हां, थयच" एवढं ऐकू येई आणि मग वच्छलेचं हसणं. ते हसणं म्हणजे कुणी द्वारकेच्या पाठीवरून करवंटी ओढावी तसं होतं. विधवा बाई, केस पिकलेली, सकाळच्या प्रहरी झाडावरच्या परपुरुषाकडे मान वर करून खिदळते म्हणजे काय?

आणि त्याची नजर. दुपारी पडवीत पेज जेवायला बसलं की सगुण भिंतीला टेकून आणि द्वारका त्याच्या समोर उंबऱ्याशी, ही दोघांची कायमची जागा. बोलायचा तिच्याशी, पण बघायचा तिच्या खांद्यावरून पलीकडे. एकदा तिने मागे वळून पाहिलं. मागे गडगा होता आणि गडग्यावर त्या सुरंगीचा शेंडा. तिने घास तसाच गिळला. त्यानंतर ती रोज बघत राहिली. रोज तसंच. तिच्या तोंडाकडे बघून नवरा शेवटचा कधी बोलला होता ते तिला आठवेना.

मग तिने एक परीक्षा घेतली. लग्न होऊन आली तेव्हापासून सुरंगीच्या दिवसांत द्वारकेचा अंबाडा कधी रिकामा राहिला नव्हता. पहिला वळेसर सातेरीला, दुसरा तिला, हा त्या घरचा नेम. आणि सगुण तसा घुमा माणूस, पण वळेसर माळलेला पाहिला की एवढं नक्की म्हणायचा, "आज बरी दिसतंस हां." या वर्षी हंगामाच्या पहिल्या दिवशी ती माळून समोर आली आणि तो गडग्याकडे बघत चहा पीत राहिला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी द्वारकेने माळलाच नाही. बघू विचारतो का. विचारलं नाही. होळी झाली, शिमग्याच्या सोंगांचे रोंबाट दारात नाचून गेले, वाडीतल्या सगळ्या बाया वळेसर माळून ओवाळायला उभ्या होत्या आणि एकटी द्वारका बोडक्या अंबाड्याने, तरी याच्या तोंडातून शब्द नाही. विचारलं कुणी? वच्छलेने. गडग्यावरून. "अंबाडो रिकामो कित्या गो, द्वारके? बरा नाय काय तुका?"

"बरा आसा," द्वारका म्हणाली आणि शेणाचं घमेलं इतक्या जोराने आपटलं की कोंबड्या पळाल्या.

वाटाण्याच्या माळेची गोष्ट घडली त्याच्या दुसऱ्या सकाळपासून द्वारकेने घावणे घालायला सुरुवात केली. नुसते घावणे नव्हेत, बरोबर नारळाचा, गूळ घातलेला रस. एरवी कोऱ्या चहावर भागवणारा सगुण चकित झाला.

"आज काय सण आसा?"

"काय नाय. खावा गपचूप. सुकलात किती."

खाणारा माणूस, समोर रस-घावणे, उठेल कसा? एक झाला की दुसरा तव्यावर तयार. सुरंगीचं एक आहे, ती कुणाची वाट बघत नाही. उन्हं झाडावर आली की कळी फुटते, माश्यांचे थवेच्या थवे घोंगावत येतात, आणि मग वळेसर कसला नि काय. उमललेली फुलं नुसती वाळवायची आणि सुकली की सावंतवाडीच्या वैद्याकडे पोचवायची. रक्ती मूळव्याधीवर, पोटातल्या आगीवर ती चालतात. गडग्यापलीकडे सुपांतून वाळत पडलेली पिवळी फुलं रोज वाढत चालली तशी द्वारकेला जरा बरं वाटू लागलं. घे, म्हणाली ती मनात, कर आता औषध. पोटातली आग माझी आणि औषध तुझ्या खळ्यात.

घावण्यांचा हा कार्यक्रम असाच चालू राहिला असता. पण एका सकाळी वळेसर मोजून घेताना शालनने मधेच आवाज उतरवला.

"सांगू की नको असा झाला माका. बेस्तरवारी मी सावंतवाडीक गेल्लंय. स्टँडार तुझो घोव दिसलो."

"वैद्याकडे गेल्ले. सुकी कळी घेवन."

"एकटो?"

द्वारकेचा हात थांबला.

"वच्छला होती वांगडा. रस्तो वलांडत होती दोगांय. हात धरून." शालनने पिशवीचं तोंड आवळलं. "माझा काय नाय हां. बघलंय ता सांगलंय."

सगुणने सांगितलं होतं, एकटाच जातोय. घरात वच्छलेचं नावही काढलं नव्हतं. द्वारका सरळ उठली आणि गडग्याशी गेली. पलीकडे वच्छला झाडाखालचा पाचोळा झाडत होती. विधवेच्या अंबाड्यात ताजा वळेसर, चांगला घमघमत होता.

"वच्छले." वयनी हा शब्द द्वारकेने आज गिळूनच टाकला. "उद्यापासना तुझ्या झाडाक दुसरो माणूस बघ."

"कित्या गो? काय झाला?"

"माका इचारतंस काय झाला? सावंतवाडीत रस्तो वलांडूक माझोच घोव गावलो तुका? तोय हात धरून?"

हातातली वाढवण वच्छलेने उगाच दुसऱ्या हातात घेतली. "भावजींक इचार," ती म्हणाली. "माझ्या तोंडातसून काय येवचा नाय."

"येतला कसा? बोलण्यासारखा असला तर येतला. एकटी आसंस म्हणान मीच धाडलंय तेंका तुझ्याकडे. आता माझो माणूस माका परत दी."

वच्छलेचा चेहरा उतरला. वाढवण तिने झाडाला टेकवून ठेवली, घरात गेली आणि आतून दार लावून घेतलं. भर दिवसा दार लावायची वाडीत रीत नाही, कुणी वारलेलं असलं तरच. त्या आवाजाने द्वारकेला क्षणभर कसंतरीच झालं, पण क्षणभरच.

संध्याकाळी सगुण घरी आला तेव्हा तिने त्याला विचारायचं ठरवलं होतं. शब्द जुळवून ठेवले होते. पण तो समोर बसला आणि तिने चुलीवरचं भांडं उतरवायला घेतलं. विचारलं आणि तो हो म्हणाला तर? नाही म्हणाला तर तिने विश्वास ठेवला नसता, पण हो म्हणाला तर तिने जायचं कुठे? तिने भाताची पेज ओतली आणि तळलेला बांगडा वाढला.

सकाळी पुन्हा घावणे झाले. त्या दिवशी सगुणचं खाण्यात लक्ष नव्हतं.

"ऊन इला. ता झाड आज भरान आसा, फुटतला."

"फुटांदे. तुमका काय त्या झाडाचा एवढा?"

"शब्द दिलो आसा तिका," तो म्हणाला आणि टोपली उचलून निघाला. बोलताना बघत होता तिच्या मागच्या गडग्याकडे.

द्वारकेने तवा उतरवला, पदर खोचला आणि गडग्याच्या अलीकडून वाकून वाकून फणसामागे जाऊन उभी राहिली. आज काय तो सोक्षमोक्ष लावायचाच. दोघं काय बोलतात ते शब्द न् शब्द ऐकायचं.

पण वच्छला नव्हतीच. तिचं दार कालसारखंच लावलेलं होतं. सगुण अंगणात उभा राहिला. "वयनी?" त्याने हाक मारली. "वच्छलावयनी?" आतून ओ आली नाही. तो जरा वेळ तसाच उभा राहिला, झाडाकडे तोंड करून. मग कोपऱ्यातली लुगडी त्याने स्वतःच अंथरली, अर्धी वाकडी, एक तर दगडावरच. आणि वर चढला. चढणं मात्र नेहमीसारखं, हातापायांना पाठ असलेलं.

झाडावर माश्यांची घुंई सुरू झाली होती. द्वारका बघत होती. सगुणचा हात फांदीच्या अंगावरून सरकत चालला होता, प्रत्येक घोसाशी थांबून कळ्या बोटांनी चाचपत. एक खुडून त्याने नाकाशी नेली, मग टाकली. त्याच्या नाकासमोर टपोऱ्या पांढऱ्या कळ्यांचा असा घोस लगडला होता की कुणालाही हात घालावासा वाटावा. तो घोस सोडून त्याचा हात पुढे गेला आणि हिरव्या घोसावर पडला. दोन-चार हिरव्या कळ्या टपटप खाली आल्या. बघा, द्वारकेच्या मनात आलं, ती नाही तर याचं चित्तच थाऱ्यावर नाही. तिच्या झाडाचीसुद्धा आज कच्ची कळी. इतकं गुंतलंय मन.

मग तो दुसऱ्या फांदीकडे वळला.

उजव्या बाजूची ती फांदी मागच्या वादळात सुकली होती. साल उतरलेली, पांढरीफटक, अंगावर अळंबी आलेली. गुरंदेखील तिच्याखाली बसत नसत. सगुणने एका हाताने वरची डहाळी धरली आणि उजवा पाय त्या फांदीवर टेकवायला पुढे केला. आता दिसेल त्याला, द्वारका म्हणाली. आता मागे घेईल. त्याने पाय टेकवला. पायाने जरा चाचपलं. अंगाचा भार तिकडे न्यायला लागला.

ओरडलं तर तिची चोरी उघडी पडणार होती. वच्छला दार उघडून बाहेर येणार, आणि द्वारका दिसणार फणसामागे, नवऱ्यावर पाळत ठेवणारी. एवढं सगळं त्या पापणीच्या उघडझापीत तिच्या मनात येऊन गेलं. मत्सर हा असा निलाजरा असतो, माणूस मरत असला तरी आधी आपली अब्रू मोजतो.

"पाय थय नको!" ती किंचाळली. "सुकी आसा ती फांदी!"

सगुण थिजला. पाय त्याच फांदीवर.

द्वारका गडग्यावरून पलीकडे कधी गेली ते तिचं तिलाच कळलं नाही. झाडाखाली उभी राहून ती वर बघत होती. "पाय मागे घ्या. डावीकडे. आणखी वायच. खाली. हां, थयच."

हां, थयच.

स्वतःचे शब्द तिच्या कानात पडले. इतके दिवस गडग्यापलीकडून हेच ऐकू येत होतं. हेच शब्द आणि याच सुरात.

"द्वारका?" वरून सगुणने विचारलं. तो खोडाला कवटाळून होता आणि त्याचं तोंड तिच्याकडे नव्हतं, अंगणातल्या तुळशीकडे होतं.

"मी. आणखी कोण येतली? उतरा."

तो उतरला. पाय जमिनीला लागल्यावर तिथेच मुळावर बसला. माश्या डोक्यावर घोंगावत होत्या, दोघांचंही तिकडे लक्ष नव्हतं.

"किती दिसता?" तिने विचारलं.

"कडेचा दिसता. मधला नाय. बघूक गेलंय की नेमका थयच धुका येता."

"कधीपासना?"

"गेल्या पावसापासना."

"नि माका सांगूक नाय."

"सांगलंय असता तर तू चढाक दिला नसतंस," सगुण म्हणाला. "चढणा गेला तर माझ्याकडे ऱ्हवला काय? पडवेत बसान कोंबड्यो हाकूच्यो?"

"माका नाय सांगलात. तिका सांगलात."

"माका कोणी सांगूक नाय." दार उघडलं होतं. वच्छला पायरीवर उभी होती, काल रडल्यासारखे डोळे सुजलेले. "हंगामाच्या सुरवातीक एक दिवस खालसून बघलंय. टपोरी कळी नाकासमोर नि ह्येंचो हात भलतीकडे. कळला. मगे मी खालसून सांगाक लागलंय, हय हात घाल, थय पाय टेक. डॉक्टराकडे मीच ओढून नेलंय. रस्त्यार समोरसून गाडी येता ती दिसना नाय तेंका. हात धरूचो नाय तर काय करूचा?"

"डॉक्टर काय म्हणालो?"

"गेला ता परत येवचा नाय. आसा ता जपूचा." वच्छला पायऱ्या उतरून खाली आली. "तुका सांगा म्हणान किती येळा म्हटलंय. कोणाक सांगू नको म्हणान आपल्या गळ्याची शपथ घातल्यानी माका."

खरं तर द्वारकेच्या जिवावरचा धोंडा उतरायला हवा होता. उतरलाही, श्वास आत घेऊन बाहेर सोडावा एवढा वेळ. आणि मग जे आलं ते आधीपेक्षा वाईट होतं. एक दिवस, वच्छला म्हणाली होती. एक दिवस खालून बघितलं आणि तिला कळलं. द्वारका महिनोन् महिने त्याच्या नजरेच्या पाळतीवर होती. ती कुठे जाते, कुणावर थांबते, काय शोधते, सगळं टिपत होती. त्या नजरेला दिसत नाही, एवढंच तेवढं तिच्या नजरेतून सुटलं होतं. हात धरला याचं आता तिला काही वाटत नव्हतं. तिला कळलं आणि मला नाही, याने मात्र काळजाला डागणी दिल्यासारखं होत होतं. हा मत्सर आता कुणावर काढायचा तेही कळत नव्हतं.

तिने वाकून लुगडी गोळा केली, झटकली, नीट घड्या घातल्या.

"उद्यापासना खाली मी ऱ्हवतलंय," ती वच्छलेकडे न बघता म्हणाली.

"ऱ्हव गो बाय. माझो घसो बसलो बोंबलान." वच्छला जरा थांबली. "पण मधी मधी हसूक व्हया हां. ह्ये वर गेले की भियातत आता. खाली कोण हसला काय पाय थिरावतत तेंचे."

द्वारकेने घडी घातलेली लुगडी पुन्हा उलगडली आणि पुन्हा घातली. मग हळूच म्हणाली, "काल बोललंय ता मनात ठेव नको, वयनी." वच्छलेने तिच्या हातातून लुगडी घेतली आणि पायरीवर ठेवली. तेवढंच.

दुपारी पडवीत पेज वाढली. सोबत खारातली कैरी. सगुण भिंतीला टेकून आणि द्वारका उंबऱ्याशी, आपापल्या जागी. त्याने पेजेचा घोट घेतला आणि त्याची नजर गेली तिच्या खांद्यावरून पलीकडे, गडग्याकडे. सवयीने द्वारकेने मागे वळून पाहिलं. माणसाचं मन असं असतं, सगळं कळूनसुद्धा त्याला जुनी वाट सोडवत नाही.

"आता तरी माझ्याकडे बघा," ती म्हणाली.

"तुझ्याकडेच बघतंय."

"थय गडगो आसा. मी हय आसंय."

"ठावक आसा." त्याने भांडं खाली ठेवलं. "तुझ्या तोंडार नजर लावलंय की तुझा तोंडच नायसा होता. गडग्याकडे बघलंय की कडेक तू दिसतंस. तुका बघूचा झाला तर माका थयच बघूचा लागता."

गडग्याकडे लागलेल्या त्या नजरेचे सगळे घास द्वारकेला एकदम आठवले, एक एक करून गिळलेले. पडवीभर सुरंगीचा वास कोंदला होता. या दिवसांत तो असाच असतो, घरात, कपड्यांत, पाण्याच्या कळशीत, कुठून येतो ते सांगता येत नाही.

"मगे बघा. काय दिसता?" तिने विचारलं. आवाज चिडका काढायला गेली, तसा निघाला नाही.

सगुणने तोंड गडग्याकडे केलं आणि बराच वेळ बघत राहिला. "कपाळ. कुकू." मग डोळे बारीक केले. "अंबाडो. वळेसार... वळेसार खय आसा?"

"नाय."

"आज घालूक नाय?"

"शिमग्याच्या आधीपासना घालूक नाय. तुमी एकदाय इचारूक नाय."

सगुणची बोटं पेजेच्या भांड्याच्या काठावरून फिरत राहिली. "माका वाटला, आसा," तो म्हणाला. "वास तर घरभर येता. माका वाटला, तू रोज घालतंस नि माकाच दिसना नाय. इचारलंय असता तर तुका कळला असता."

द्वारकेने मान वळवली नाही, पदरही सारखा केला नाही. त्याला दिसत राहावं म्हणून ती होती तशीच बसून राहिली.